क्लचचं तेल जातं कुठे?

जून ते सप्टेंबर गोव्यात कुणाच्या गाडीतला मॅट कोरडा असतो सांगा. छत्री ठिबकते, चपला ओल्या, त्यामुळे क्लच पेडलखाली ओल दिसली तरी आपण पावसाचं पाणी म्हणून सोडून देतो. मीही दीड महिना तेच केलं, आणि चतुर्थीच्या बाजाराला म्हापशात गेलेलो तेव्हा गाडी पार्किंगमधून मागे घेता येईना. रिव्हर्स टाकला की नुसती करकर. पेडल चार-पाच वेळा पटापट मारलं तेव्हा कुठे गियर पडला.

ही खूण लक्षात ठेवा. क्लच प्लेट झिजली की क्लच घसरतो, म्हणजे इंजिन ओरडतं आणि गाडी चढाला ओढत नाही. इथे उलटं होतं, क्लच नीट सुटतच नाही, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गियरबॉक्सपासून वेगळं होत नाही. इंजिन बंद असताना सगळे गियर आरामात पडतात आणि चालू केलं की अडतात, त्यात पेडल मारून तात्पुरतं काम होत असेल तर प्लेटवर खर्च करायच्या आधी तेलाची लाइन बघा.

तत्त्व सोपं आहे, १७व्या शतकात ब्लेझ पास्कालने मांडलेलं. बंद जागेतल्या द्रवावर दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. पेडल वरच्या मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ढकलतं, तेल पाइपातून गियरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलिंडरला जातं, आणि तो क्लच सोडवतो. स्लेव्हची हालचाल जेमतेम एक-दीड सेंटीमीटरची, म्हणून थोडं तेल गेलं किंवा हवा शिरली तरी लगेच जाणवतं, कारण हवा दबते आणि तेल जवळजवळ दबत नाही.

आता शोधायचं कसं. टॉर्च घेऊन पेडलच्या वर बघा, मास्टरची मागची सील गेली असेल तर तेल पुशरॉडवरून, म्हणजे पेडल आणि पिस्टन जोडणाऱ्या दांडीवरून, घरंगळत गाडीच्या आत येतं. माझ्या गाडीत पेडलच्या लोखंडी पट्टीवरचा रंग फुगून पापुद्रे सुटले होते, पाण्याने असं होत नाही, पण क्लचमधलं तेल म्हणजे ब्रेक ऑइलच, आणि ते रंग खातं. मग गाडीखाली स्लेव्हचा रबरी बूट हलकेच मागे सारा. आत किंचित दमट असेल तर ठीक, पण तेल टपकलं तर सील गेली. बाहेर कुठेच ओल नाही आणि सिग्नलला दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली जातंय, तर बहुतेक मास्टरच्या आतच तेल सीलवरून मागे सरकतंय. काही गाड्यांत स्लेव्ह गियरबॉक्सच्या आतच असतो, तिथे तेल बेल हाउसिंगखाली, म्हणजे इंजिन आणि गियरबॉक्समधल्या क्लचच्या कवचाखाली, टपकतं आणि गियरबॉक्स उतरवल्याशिवाय इलाज नाही. अशा गाडीत प्लेटसाठी गियरबॉक्स उतरवलाच तर स्लेव्हही बदलून घ्या.

मेस्त्रीने माझा मास्टर उघडून दाखवला तेव्हा आत गंजाचे बारीक खड्डे होते, नख फिरवलं की अडकत होतं. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रकारची ब्रेक ऑइलं हवेतलं पाणी शोषतात, आणि आपल्याकडे हवेत पाण्याला तोटा नाही. त्या पाण्याने आतून गंज धरतो, आणि मग प्रत्येक दाबाला सीलची कड त्या खड्ड्यांवर घासते. अशा सिलिंडरमध्ये नुसतं सीलचं किट टाकलं तर चार महिन्यांत परत तेच, सिलिंडरच बदलायचा.

म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदला, काळपट दिसायची वाट बघू नका. बॉनेटखालच्या क्लच तेलाच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेलंच तेल घ्या, छोटी सीलबंद बाटली, गेल्या वर्षीची अर्धी उरलेली नको. इंजिन ऑइल चुकूनही नको, त्याने रबर फुगतं. लाइनमधली हवा काढताना एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली स्लेव्हवरचा निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) सैल करून परत आवळायचा, आणि मगच पेडल सोडायचं, टाकी मधे रिकामी होऊ द्यायची नाही. रंगावर सांडलं तर ताबडतोब पाणी ओता.

आणि नुसतं वरून तेल भरत राहू नका. बऱ्याच गाड्यांत क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असते, म्हणजे प्रश्न ब्रेकचाही आहे. मी आता तिच्यावर मार्करने रेघ मारून तारीख लिहितो, दर रविवारी बॉनेट उघडून बघतो, चोर्ला घाट उतरायचा असेल तर निघायच्या आधी हमखास.