युनिपोलर की बायपोलर? स्टेपर मोटरचा ड्रायव्हर घेण्याआधी वाचा

आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, समुद्रपूर या भागांतून सागवानावर नक्षी कोरायला छोटी सीएनसी (संगणकाने चालणारी मशीन) बनवणारे सुतार आमच्या दुकानात येतात. स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर भरणारे वाइंडिंगवाले येतात आणि प्रोजेक्ट करणारे आयटीआयचे विद्यार्थीही येतात. काम वेगवेगळं असलं तरी प्रश्न एकच असतो: स्टेपर मोटरला ड्रायव्हर कोणता घ्यायचा? स्टेपर म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी, म्हणजे स्टेपने फिरणारी मोटर, आणि ड्रायव्हर म्हणजे तिच्या कॉइलना करंट पुरवणारं सर्किट.

नवीन मोटर विकत घेणार असाल, तर चार वायरची बायपोलर मोटर आणि करंट स्वतः आवरणारा चॉपर ड्रायव्हर घ्या. जुन्या प्रिंटरमधून सहा वायरची मोटर निघाली असेल, तर ती भंगारात देऊ नका, ती याच ड्रायव्हरवर चालते. काम हलकं आणि हळू असेल, तर मात्र स्वस्तातला युनिपोलर संच पुरेसा आहे. तिथे जास्तीचे पैसे घालू नका, हे आम्ही काउंटरवरही सांगतो.

आतला फरक

दोन्ही मोटरींत दोन फेज, म्हणजे दोन कॉइल असतात आणि बहुतेकींचा एक फेरा २०० स्टेपचा, म्हणजे एक स्टेप १.८ अंशांची असते. युनिपोलर मोटरच्या प्रत्येक कॉइलला मधोमध एक वायर काढलेली असते. ती सप्लायला जोडायची आणि टोकं आळीपाळीने निगेटिव्हला लावायची. करंटची दिशा उलटवावी लागत नाही, म्हणून चार ट्रान्झिस्टरमध्ये काम भागतं. यूएलएन २००३ ही छोटी आयसी हेच करते. पण एका वेळी अर्धीच कॉइल चालते. बंडीला दोन बैल असून एका वेळी एकानेच ओढावं, तसं हे आहे.

बायपोलरमध्ये पूर्ण कॉइल कामाला लागते, पण करंट दोन्ही दिशांनी फिरवावा लागतो. त्यासाठी प्रत्येक कॉइलला चार स्विचांचा एच-ब्रिज लागतो. पूर्वी हे सर्किट महाग आणि किचकट होतं, म्हणून जुन्या मशीनींत युनिपोलर जास्त दिसतात. आता अख्खं सर्किट नखाएवढ्या चिपमध्ये मिळतं, त्यामुळे ते कारण उरलेलं नाही.

वायरी मोजा, मग ओळखा

चार वायरी असतील तर मोटर बायपोलर. कोणत्या दोन वायरी एका कॉइलच्या, हे मल्टिमीटरशिवायही कळतं. कोणत्याही दोन वायरींची सोललेली टोकं एकमेकांना पिळा आणि शाफ्ट हाताने फिरवा. शाफ्ट अडखळत, जड फिरला तर त्या एकाच कॉइलच्या.

सहा वायरी असतील तर मल्टिमीटर ओहमवर ठेवा. तीन-तीनचे दोन गट सापडतील. गटातल्या ज्या दोन वायरींत रीडिंग सगळ्यांत जास्त, ती टोकं. उरलेली तिसरी मधली, तिचं दोन्ही टोकांशी रीडिंग निम्मं येतं. ही मोटर बायपोलर ड्रायव्हरला लावताना मधल्या दोन्ही वायरींना टेप मारून मोकळ्या सोडा आणि टोकं तेवढी जोडा.

इथे करंट मात्र कमी ठेवायचा. समजा प्लेटवर १ अँपिअर लिहिलं आहे आणि अर्धी कॉइल ५ ओहमची आहे. युनिपोलरवर तिच्यात ५ वॅट उष्णता होते. पूर्ण कॉइल १० ओहमची, म्हणून तेवढ्याच उष्णतेत ०.७ अँपिअर चालतो. पण वेढे दुप्पट झाले, त्यामुळे हळू वेगात ताकद जवळजवळ ४० टक्के वाढते. वेग जास्त हवा असेल, तर एक टोक आणि मधली वायर जोडून अर्धीच कॉइल वापरा. तेव्हा करंट १ अँपिअर ठेवा. ताकद युनिपोलरइतकीच मिळेल, पण कॉइलचा इंडक्टन्स (करंट बदलायला होणारा विरोध) पूर्ण कॉइलच्या एक चतुर्थांश राहतो आणि मोटर चपळ होते.

पाच वायरींच्या मोटरमध्ये दोन्ही मधल्या वायरी आतच जोडलेल्या असतात, ती युनिपोलरच चालवावी. आठ वायरींची मोटर कशीही जोडता येते, ती घेऊन या, आम्ही जोडून देऊ.

वेग कुठे अडतो

“मोटर ताकदीची घेतली, पण जोरात फिरवली की नुसती थरथरते,” ही तक्रार नेहमीची आहे. अशा वेळी मोटर बदलण्याआधी सप्लायचा व्होल्टेज तपासा.

१.५ अँपिअर, १.६ ओहम, ३ मिलिहेन्री इंडक्टन्स अशी मोटर घ्या. हिशोबाने तिला २.४ व्होल्ट पुरतात. मिनिटाला ३०० फेरे म्हणजे सेकंदाला १००० स्टेप. एका स्टेपला एक मिलिसेकंद मिळाला. २.४ व्होल्टवर तेवढ्या वेळात करंट निम्म्यापर्यंतही चढत नाही. १२ व्होल्टवर तो साधारण ०.४ मिलिसेकंदात पूर्ण चढतो, २४ व्होल्टवर ०.२ मध्ये. चॉपर ड्रायव्हर हेच करतो: जास्त व्होल्टेजने करंट झपाट्याने चढवतो आणि ठरलेल्या मर्यादेला पोचला की तोडत-जोडत तिथेच धरून ठेवतो. जुन्या युनिपोलर सर्किटमध्ये याच कामाला मोठा रेझिस्टर लावत. वरच्या मोटरला १२ व्होल्टवर तो ६.४ ओहमचा लागेल आणि प्रत्येक कॉइलमागे १४ वॅट नुसते तापण्यात जातील.

म्हणजे लोक ज्याला बायपोलरचा फायदा म्हणतात, त्यातला मोठा भाग खरं तर चॉपरचा आहे. युनिपोलर चॉपरही असतात, पण आज स्वस्तात मिळणारे चॉपर जवळजवळ सगळे बायपोलरसाठीच आहेत. म्हणून ‘बायपोलर’ म्हणून एल २९८ चा लाल बोर्ड घेऊ नका. तो एका अँपिअरला साधारण दोन व्होल्ट स्वतःच खातो आणि त्या बोर्डवर करंट आवरायची सोय नाही. वरची १.६ ओहमची मोटर त्याच्यावर १२ व्होल्टला लावली, तर मोटर किंवा बोर्ड जळणारच.

कोणत्या कामाला काय

कोंबड्यांच्या खाद्याची झडप, छोटा व्हॉल्व्ह, शाळेचं मॉडेल: २८बीवायजे-४८ मोटर आणि यूएलएन २००३ बोर्ड घ्या. ५ व्होल्टवर चालते, आत गिअर असल्याने एका फेऱ्याला सुमारे २०४८ स्टेप मिळतात. अंडी उबवणी यंत्राचा ट्रे हलवायला तर स्टेपरच लागत नाही, हळू फिरणारी साधी गिअर मोटर लावा.

वाइंडिंग मशीनचा मुख्य शाफ्ट साध्या मोटरने फिरवा. वायर सरकवणाऱ्या गाइडला नेमा १७ (नेमा हा मोटरच्या मापाचा क्रमांक) बायपोलर आणि ए ४९८८ हा छोटा चॉपर ड्रायव्हर लावा. एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकणारा स्क्रू असेल, तर एक स्टेप ०.०४ मिलिमीटरची. ०.७२ मिलिमीटरच्या वायरला दर वेढ्यामागे बरोबर १८ स्टेप. थर कसा एकसारखा बसतो, ते पाहाच.

सागवान कोरणाऱ्या राउटरला नेमा २३, वेगळ्या डब्यातला टीबी ६६०० जातीचा ड्रायव्हर आणि किमान २४ व्होल्टचा एसएमपीएस (डीसी पॉवर सप्लाय) घ्या. इथे युनिपोलरचा विचारच नको.

करंट सेट करणं आणि मे महिना

ए ४९८८ वरचा छोटा स्क्रू फिरवून व्हीरेफ (करंटची मर्यादा ठरवणारा व्होल्टेज) ठरवतात. बोर्डवरच्या रेझिस्टरवर आर१०० लिहिलं असेल, तर १ अँपिअरला ०.८ व्होल्ट. आर०५० असेल तर ०.४. बोर्ड न पाहता व्हिडिओतला आकडा लावला, तर करंट दुप्पट होऊ शकतो. स्क्रू फिरवायला इन्सुलेटेड पेचकस वापरा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. बऱ्याच मोटरींचं इन्सुलेशन १३० अंशांपर्यंतचं असतं आणि पूर्ण करंटवर कॉइल भोवतालच्या हवेपेक्षा ८० अंशांपर्यंत तापू शकते. बेरीज करून पाहा. उन्हाळ्यात करंट थोडा उतरवा, ड्रायव्हरवर हीटसिंक आणि छोटा पंखा लावा. मोटर धरणारी पट्टी थ्रीडी प्रिंटच्या पीएलए प्लास्टिकची असेल तर बदला. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि मोटर तिरकी होते.

ड्रायव्हर चालू असताना मोटरची वायर काढू नका, लावूही नका. आमच्याकडे परत येणाऱ्या जळालेल्या ड्रायव्हरांत हेच कारण सगळ्यांत जास्त सापडतं. सप्लायच्या पिनांजवळ १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मोटर उलटी फिरत असेल, तर सप्लाय बंद करून एकाच कॉइलच्या दोन वायरी आलटापालट करा.

लाइन गेली की मोटरला आपण कुठे होतो हे कळत नाही, मग ड्रायव्हर कोणताही असो. म्हणून प्रत्येक अक्षाला होमिंगचा, म्हणजे सुरुवातीची जागा शोधून देणारा लिमिट स्विच हवाच. तो असला तर लाइन आल्यावर काम पुन्हा जागेवर आणता येतं.

दुकानात येताना मोटर सोबत आणा, किंवा तिच्या प्लेटचा आणि सगळ्या वायरींचा स्पष्ट फोटो. एसएमपीएस असेल तर त्यावरचे व्होल्ट आणि अँपिअर लिहून आणा, शिवाय किती वजन, किती वेगाने हलवायचं आहे तेही. मोटर आमच्या टेबलावर चालवून बघा, मगच ड्रायव्हर घ्या.