मुख्यालय आपल्या शहरात यावे म्हणून अर्ज कसा करतात? ॲमेझॉनच्या 'एचक्यू२'ची पात्रता, कागदपत्रे आणि मंजुऱ्या

हा अर्ज नागरिकाने सरकारकडे करायचा नव्हता, सरकारने कंपनीकडे करायचा होता. ७ सप्टेंबर २०१७ रोजी ॲमेझॉनने जाहीर केले की सिएटलखेरीज उत्तर अमेरिकेत आणखी एक मुख्यालय, म्हणजेच 'एचक्यू२', उभारायचे आहे. ज्यांना ते आपल्याकडे हवे असेल त्यांनी १९ ऑक्टोबरपर्यंत प्रस्ताव पाठवावेत. हातात जेमतेम सहा आठवडे होते, तरीही अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मिळून २३८ प्रस्ताव आले.

आमिषच तसे होते. दहा-पंधरा वर्षांत ५०,००० पर्यंत पूर्णवेळ नोकऱ्या, सरासरी वार्षिक मोबदला १ लाख डॉलरच्या वर आणि ५ अब्ज डॉलरहून अधिक भांडवली खर्च.

एरवी अशी जागानिवड गुपचूप चालते. सल्लागार राज्याच्या उद्योग विभागाशी बोलतात, प्रकल्पाला टोपणनाव असते, कंपनी कोण हे शेवटी कळते. २००१ मध्ये बोइंगने सिएटल सोडताना शिकागो, डॅलस आणि डेन्व्हर ही तीन नावे उघड केली, शेवटी शिकागो निवडले. तेवढेही तेव्हा वेगळे होते. ॲमेझॉनने तर अर्जाचा नमुनाच चव्हाट्यावर मांडला. त्यामुळे ही प्रक्रिया पायरी-पायरीने सांगता येते. बातम्यांत गाजल्या त्या सवलतींच्या रकमा. माझ्या मते निकाल ठरला तो मात्र अर्जातल्या दुसऱ्याच दोन रकान्यांवर: माणसे मिळतील का, आणि दिलेला शब्द पाळण्याचा अधिकार तुमच्याकडे आहे का.

अर्जदार कोण?

महापौरांची सही असली तरी खरा अर्जदार बहुधा आर्थिक विकास महामंडळ असतो. न्यूयॉर्कमध्ये राज्याचे 'एम्पायर स्टेट डेव्हलपमेंट' आणि शहराचे स्वतंत्र महामंडळ, व्हर्जिनियात राज्याचे 'इकॉनॉमिक डेव्हलपमेंट पार्टनरशिप', टोरांटोत 'टोरांटो ग्लोबल'. जमीन शहराच्या किंवा काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या स्थानिक विभागाच्या) अखत्यारीत, मोठे कर राज्याच्या हातात, रेल्वे तिसऱ्याच प्राधिकरणाकडे. या सगळ्यांना एका कागदावर आणणारे कोणीतरी लागतेच.

कंपनीची सूचना होती की एका महानगर क्षेत्रातून शक्यतो एकच प्रस्ताव यावा, शेजाऱ्यांनी आपसांत समन्वय साधावा. सगळ्यांनी ती मानली असे नाही. वॉशिंग्टन शहर, मेरीलँडमधली माँटगोमेरी काउंटी आणि उत्तर व्हर्जिनिया हे एकाच महानगराचे तीन तुकडे वेगवेगळे उतरले, आणि तिघेही कंपनीने छाननीत निवडलेल्या अंतिम वीसमध्ये पोचले. म्हणजे ही सूचना मोडल्याने अर्ज बाद होत नव्हता.

पात्रता

अटी कमी होत्या आणि बहुतेकांपुढे 'प्राधान्य' हा शब्द होता. महानगर क्षेत्राची लोकसंख्या १० लाखांहून अधिक असावी, वातावरण स्थिर व उद्योगाला अनुकूल असावे, तांत्रिक मनुष्यबळ आकर्षित करण्याची आणि टिकवण्याची क्षमता असावी. जागेचे निकष अधिक नेमके होते:

- लोकवस्तीच्या केंद्रापासून ३० मैलांच्या आत
- आंतरराष्ट्रीय विमानतळ ४५ मिनिटांच्या अंतरात
- मुख्य महामार्ग एक-दोन मैलांवर
- रेल्वे, मेट्रो किंवा बस थेट जागेपर्यंत
- पहिल्या टप्प्यात किमान ५ लाख चौरस फूट. २०२७ नंतर एकूण ८० लाख चौरस फुटांपर्यंत वाढीला वाव

प्राधान्य म्हणजे अट नव्हे, असा अर्थ लावून अनेक छोट्या गावांनीही अर्ज केले. जॉर्जियातल्या स्टोनक्रेस्टने तर आपली ३४५ एकर जमीन गावाच्या हद्दीतून काढून तिथे 'ॲमेझॉन' नावाचे शहर वसवू देण्याची तयारी दाखवली. ॲरिझोनातल्या टूसॉनहून २१ फुटी निवडुंग रवाना झाला. कंपनीने भेट स्वीकारली नाही, तो वाळवंटाच्या संग्रहालयाला देण्यात आला. यांची छायाचित्रे खूप छापून आली, पण मागितलेल्या कागदपत्रांत निवडुंग कुठेच नव्हता.

कोणती कागदपत्रे मागितली होती?

एक इलेक्ट्रॉनिक प्रत आणि पाच छापील प्रती. आत काय असावे याची यादी मात्र लांब होती.

जागेचे कागद सर्वांत आधी. कोणत्या इमारती किंवा मोकळ्या जमिनी उपलब्ध आहेत, मालक कोण, झोनिंग (जमीन कशासाठी वापरता येईल याचे नियम) काय, वीज-पाण्याची सोय कुठवर आहे. इथे उत्तर व्हर्जिनियाची बाजू भक्कम होती. आर्लिंग्टनच्या क्रिस्टल सिटी भागातून संरक्षण खात्याची कार्यालये २००५ नंतरच्या फेररचनेत हलवली गेली आणि बरीच कार्यालयीन जागा ओस पडली. त्या भागातल्या बहुतेक इमारतींची मालकी एकाच कंपनीकडे होती, म्हणजे वाटाघाटीला समोर एकच माणूस. मेट्रो स्थानक दाराशी, रेगन विमानतळ चालत जाण्याच्या अंतरावर. एकेकाळी जे संकट होते तेच अर्जात जमेची बाजू ठरले.

दळणवळणाच्या रकान्यात नकाशे पुरेसे नव्हते. गर्दीच्या वेळी रस्त्यावर किती वेळ जातो, आणि सिएटल, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को परिसर व वॉशिंग्टन इथे रोज किती थेट विमाने जातात, हेही मागितले होते. फायबर जोडणी आणि मोबाइल सेवेचा तपशील वेगळा.

मनुष्यबळाच्या कागदांवर सर्वांत जास्त वेळ द्यायला हवा होता. आज संगणक क्षेत्रात किती लोक काम करतात, पगार काय आहेत, जवळच्या विद्यापीठांतून कोणत्या पदव्यांचे किती विद्यार्थी बाहेर पडतात, शाळांत संगणकशास्त्र शिकवले जाते का, अशी ही माहिती. ५०,००० माणसे भरायची तर रोख अनुदानापेक्षा पदवीधरांचा अखंड पुरवठा मोलाचा, हे साधे गणित आहे. व्हर्जिनियाने ते ओळखून स्वतःच्या विद्यापीठांवरच पैसा लावला: राज्यभर तंत्रशिक्षणासाठी सुमारे १.१ अब्ज डॉलरची दीर्घ योजना आणि व्हर्जिनिया टेकचे अलेक्झांड्रियात नवे संकुल. हा खर्च अनुदानाच्या तक्त्यात दिसत नाही. कंपनी उद्या निघून गेली तरी ही विद्यापीठे राज्याकडेच राहतात, म्हणून मला ही अर्जातली सर्वांत शहाणी खेळी वाटते.

राहणीमानाचा खर्च, गुन्ह्यांची आकडेवारी, घरे, विरंगुळ्याची ठिकाणे हेही मागितले होते. ते बहुतेक शहरांच्या पर्यटन पुस्तिकेत तयारच असते.

सवलतींचा तक्ता आणि त्याखालचा प्रश्न

जमीन, जागेची तयारी, करसूट, स्थलांतर अनुदान, प्रशिक्षण अनुदान, परवाना शुल्कात कपात. राज्य पातळीवर काय आणि स्थानिक पातळीवर काय, रकमेसह लिहायचे होते. करसूट परत मिळण्याजोगी आहे का, दुसऱ्याला हस्तांतरित करता येते का, पुढच्या वर्षांत ओढता येते का, हेही.

त्याखाली एक अवघड प्रश्न होता. एखादी सवलत अनिश्चित असेल किंवा तिची हमी नसेल, तर अनिश्चिततेची कारणे लिहा आणि ती मिळण्याची शक्यता किती ते अंदाजे सांगा. कुठे विधिमंडळाची किंवा आणखी कोणाची मंजुरी लागेल आणि तिला किती वेळ लागेल, हेही द्या. एवढ्या मोठ्या प्रकल्पासाठी खास कायदा करावा लागू शकतो, हे कंपनीने स्वतःच नमूद केले होते.

मोठी रक्कम लिहिणे त्या मानाने सोपे. न्यू जर्सीतल्या न्यूअर्कने सुमारे ७ अब्ज डॉलरचे पॅकेज पुढे केले, मेरीलँडने वाहतूक कामे धरून सुमारे ८.५ अब्जांचे. दोघेही हरले. निकालात मुख्यालय दोन ठिकाणी विभागले गेले. त्यातले अर्धे उत्तर व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनला मिळाले ते ५७.३ कोटी डॉलरच्या थेट प्रोत्साहनावर. टोरांटोने कंपनीसाठी खास रोख सवलत देऊ केली नाही, तरी अंतिम वीसमध्ये आलेले ते एकमेव कॅनेडियन शहर होते.

गोपनीयता

अंतिम फेरीतल्या शहरांना कंपनीशी गोपनीयतेचे करार करावे लागले. टोरांटोने प्रस्ताव संकेतस्थळावर टाकला. उलट अनेक शहरांनी सवलतींचे आकडे लोकांपासून, काही ठिकाणी तर निवडून आलेल्या नगरसेवकांपासूनही झाकून ठेवले. कराचा पैसा ज्यांचा त्यांनाच आकडा माहीत नाही, ही या पद्धतीवरची सर्वांत रास्त टीका. शिवाय हरलेल्या दोनशेहून अधिक ठिकाणांची जमीन, पगार आणि विद्यापीठांची ताजी माहिती कंपनीकडे फुकट जमा झाली, ते वेगळेच.

छाननी आणि निकाल

१८ जानेवारी २०१८ रोजी वीस नावांची यादी आली. पुढचे महिने कंपनीच्या पथकाच्या भेटी, जागांची पाहणी, जादा कागदपत्रे. १३ नोव्हेंबर २०१८ रोजी निकाल लागला आणि एकाऐवजी दोन ठिकाणे निघाली: न्यूयॉर्कच्या क्वीन्समधले लाँग आयलंड सिटी आणि व्हर्जिनियातले आर्लिंग्टन, प्रत्येकी २५,००० नोकऱ्या. नॅशव्हिलला ५,००० नोकऱ्यांचे कामकाज केंद्र मिळाले. अर्जात मुख्यालय एक होते, निकालात त्याचे दोन तुकडे झाले. अर्जदारांना त्यावर दाद मागायची सोय नव्हती.

निवड झाल्यावरच्या मंजुऱ्या

निवड म्हणजे मंजुरी नव्हे.

व्हर्जिनियात मोठ्या प्रकल्पांसाठी विधिमंडळ सदस्यांचा समावेश असलेला कायमस्वरूपी आयोग आहे. त्याने प्रस्ताव आधीच तपासला होता, म्हणजे ज्यांची मते लागणार त्यांतले प्रमुख लोक निकालाआधीच विश्वासात घेतलेले. अनुदानाचे विधेयक भराभर मंजूर झाले, गव्हर्नरांनी ५ फेब्रुवारी २०१९ रोजी सही केली. १६ मार्चला आर्लिंग्टन काउंटी मंडळाने २.३ कोटी डॉलरचा आपला वाटा ५-० मतांनी मंजूर केला. तोही हॉटेल कराच्या वाढीव उत्पन्नातून. विरोधक सभेला आले होते, बोलले, पण मते ठरलेली होती.

न्यूयॉर्कचे पॅकेज राज्य आणि शहर मिळून सुमारे ३ अब्ज डॉलरचे. जमीनवापराची परवानगी राज्याच्या विशेष योजनेतून घ्यायची, म्हणजे नगर परिषदेच्या नेहमीच्या प्रक्रियेला वळसा घालायचा, असे ठरले. वेळ वाचवायचा मार्ग म्हणून तो निवडला गेला. झाले असे की दुखावलेले नगरसेवक सुनावण्या घेऊन जाहीरपणे जाब विचारू लागले. आणि राज्याच्या मार्गावरही एक दार होतेच. राज्याच्या सार्वजनिक प्राधिकरण नियंत्रण मंडळात एकमत लागते, एका सदस्याचा नकार पुरतो. नोव्हेंबर २०१८ च्या निवडणुकीत राज्य सिनेटमध्ये सत्तापालट झाला आणि फेब्रुवारीत त्या मंडळासाठी लाँग आयलंड सिटीचेच सिनेटर मायकल जियानारिस यांचे नाव सुचवले गेले. ते प्रकल्पाचे उघड विरोधक. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी कंपनीने न्यूयॉर्कमधून माघार घेतली.

अनिश्चिततेचा तो रकाना न्यूयॉर्कने कसा भरला असेल, याचे मला अजून कुतूहल आहे.

पैसे कधी मिळतात?

व्हर्जिनियाचे अनुदान आगाऊ नाही. आधी नोकऱ्या निर्माण करायच्या, ठरलेला सरासरी पगार दाखवायचा (२०१९ साठी १.५ लाख डॉलर, पुढे दरवर्षी १.५ टक्के वाढ), मग दर नोकरीमागे २२,००० डॉलर. त्यासाठी कंपनीला राज्याकडे अर्ज करावा लागतो, सोबत नोकऱ्यांची संख्या आणि पगाराचे दाखले.

पहिला अर्ज २०२३ मध्ये गेला. २०२२ अखेरपर्यंतच्या ६,९३९ नोकऱ्यांसाठी सुमारे १५.२७ कोटी डॉलरची मागणी. त्याच वर्षी जूनमध्ये मुख्यालयाचा पहिला टप्पा, मेट्रोपोलिटन पार्क, सुरू झाला. पेनप्लेस नावाच्या दुसऱ्या टप्प्याचे बांधकाम मात्र कंपनीने मार्चमध्येच पुढे ढकलले होते. त्या टप्प्यातल्या नोकऱ्या येईपर्यंत त्यांच्या वाट्याचे २२,००० डॉलर राज्याच्या तिजोरीतून निघत नाहीत.