निकालावर दाद मागणं (शिवाजी विद्यापीठ, कोल्हापूर)

विद्यापीठानं दिलेले मार्क किंवा लावलेला निकाल चुकीचा वाटला की विद्यार्थी तो परत तपासून घेण्यासाठी जे काही करतो, म्हणजे उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवणं, रिव्हॅल्युएशन (फेरतपासणी) टाकणं, तक्रार करणं, माहितीच्या अधिकारात अर्ज करणं आणि अगदीच शेवटी कोर्टात जाणं, त्या सगळ्याला मिळून दाद मागणं म्हणतात. कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे शिवाजी विद्यापीठाकडे येतात (स्थापना १९६२), त्यामुळे चंदगड-आजऱ्याच्या पोरापासून कराडच्या पोरीपर्यंत सगळ्यांचं घोडं शेवटी विद्यानगरच्या परीक्षा विभागातच येऊन थांबतं. अर्ज आता बहुतेक ऑनलाइन असतात, तरी एसटी धरून हेलपाटा मारणारे आहेतच.

एक फरक आधी कळला पाहिजे, कारण निम्मी गडबड तिथंच होते. "मला मार्क कमी पडले" हे वेगळं आणि "माझ्या बाबतीत नियम पाळला नाही" हे वेगळं. पहिल्यासाठी रिव्हॅल्युएशन, दुसऱ्यासाठी तक्रार समिती. बरेच जण पहिलं गाऱ्हाणं घेऊन दुसरीकडे जातात, तिथून परत पाठवलं जातं, आणि तोवर इकडची मुदत संपलेली असते.

झेरॉक्स, पडताळणी, रिव्हॅल्युएशन

निकाल लागला की अर्जाची तारीख आणि फी सर्क्युलरमध्ये येते. मुदत मोजकीच असते, त्यामुळे मार्कलिस्ट कॉलेजात येईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही, ऑनलाइन निकालाची प्रिंट आणि पीआरएन नंबर (विद्यापीठानं दिलेला कायमचा नोंदणी क्रमांक) घेऊन कामाला लागायचं. यात पडताळणी म्हणजे फक्त बेरीज आणि न तपासलेलं उत्तर राहिलंय का ते बघणं, आणि रिव्हॅल्युएशन म्हणजे दुसऱ्या परीक्षकानं पेपर नव्यानं तपासणं.

खरी कामाची गोष्ट म्हणजे उत्तरपत्रिकेची झेरॉक्स. ती हातात आली की पहिल्या पानावरच्या चौकटीतले मार्क आणि आतल्या पानांवरचे मार्क जुळतात का ते बघायचं, पुरवणी जोडली असेल तर तिच्यातली उत्तरं धरलीत का, "कोणतेही तीन सोडवा" मध्ये चार सोडवले असतील तर कुठले तीन धरले, एखाद्या उत्तराला ना मार्क ना शून्य असं काही सुटलंय का, आणि शेवटी झेरॉक्सवरची बेरीज आणि मार्कलिस्टवरचा आकडा एकच आहे का. यातलं काही सापडलं तर नुसत्या पडताळणीवर काम होतं, उगाच जादा पैसे घालवायला नकोत. काहीच सापडलं नाही आणि उत्तर बरोबर असूनही मार्क कमी वाटले तर पेपर त्या विषयाच्या सरांना दाखवावा, मित्रांना नव्हे, कारण मित्र कायम "टाक की भावा" असंच म्हणतात. रिव्हॅल्युएशनमध्ये मार्क वाढतीलच असं नाही, फॉर्म भरण्याआधी सर्क्युलरमधल्या अटी वाचाव्यात.

प्रॅक्टिकल, तोंडी आणि इंटर्नल यांचं साधारणपणे रिव्हॅल्युएशन होत नाही, तपासायला लेखी पेपरच नसतो. इंटर्नल दिलेली असून मार्कलिस्टवर गैरहजर दाखवलं असेल तर आधी कॉलेजात जायचं, कॉलेजकडूनच मार्क भरायचे राहिलेले असू शकतात, मग प्राचार्यांच्या पत्रानं दुरुस्ती विद्यापीठाकडे जाते. असाइनमेंट जमा केल्याची सही किंवा फोटो असला तर वाद लवकर मिटतो.

स्वायत्त कॉलेजांचं, जसं की विवेकानंद कॉलेज किंवा केआयटी इंजिनिअरिंग कॉलेज, सगळं वेगळं. परीक्षा त्यांची, त्यामुळे अर्जही त्यांच्याच परीक्षा नियंत्रकाकडे, डिग्री विद्यापीठाची असली तरी.

तक्रार समिती आणि लोकपाल

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०२३ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती लागते. मूल्यमापनात पारदर्शकता नसणं, परीक्षा किंवा निकालाला उशीर, हे तिच्या कक्षेत येतं. (निकालाचं सांगायचं तर २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात ३० दिवसांत प्रयत्न आणि जास्तीत जास्त ४५ दिवस असं लिहिलंय, कागदावर तरी.) समितीनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, तो पटला नाही तर पुढच्या १५ दिवसांत लोकपालाकडे (विद्यार्थ्यांची अपिलं ऐकायला याच नियमांखाली नेमलेला माणूस) अपील. पण नुसतं "पेपर परत तपासा" एवढंच म्हणणं असेल तर लोकपाल ते घेत नाही, निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभाव दाखवावा लागतो.

माहितीचा अधिकार आणि कोर्ट

सुप्रीम कोर्टानं २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात सांगितलं की आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघायचा हक्क विद्यार्थ्याला आहे, परीक्षकाचं नाव मात्र झाकलं जातं. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट आणि पानाला २ रुपये, म्हणजे स्वस्त, पण उत्तराला ३० दिवस जाऊ शकतात आणि तोवर रिव्हॅल्युएशनची मुदत गेलेली असते. शिवाय उत्तरपत्रिका ठरावीक काळच जपून ठेवतात, नंतर मागून काय उपयोग नाय.

ग्राहक कोर्टात जाऊ म्हणणाऱ्यांनी जाऊ नये, परीक्षार्थी हा ग्राहक नाही असं सुप्रीम कोर्टानं २००९ मध्येच सांगितलंय. रिट याचिकेसाठी, म्हणजे विद्यापीठाच्या निर्णयाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात अर्ज करायला, आधी मुंबई गाठावी लागायची, ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालंय, त्यामुळे प्रवास वाचला. कायदा मात्र तोच. महाराष्ट्राच्याच बोर्डाच्या एका प्रकरणात १९८४ ला आणि परत २०१७ मध्ये रणविजय सिंह प्रकरणात सुप्रीम कोर्टाची भूमिका अशी की नियमात फेरतपासणी नसेल तर ती हक्क म्हणून मागता येत नाही, आणि न्यायाधीश स्वतः पेपर तपासायला बसणार नाहीत.

बॅकलॉगचं काय

रिव्हॅल्युएशनचा निकाल कधीकधी पुढच्या परीक्षेच्या तोंडावर येतो. त्यामुळे विषय राहिला असेल तर त्याचा एटीकेटीचा (राहिलेला विषय परत देण्याचा) फॉर्म वेळेत भरून ठेवायचा आणि अभ्यासही चालू ठेवायचा. मार्क वाढून आले तर भरलेली फी फार तर वाया जाते, फॉर्मच भरला नाही आणि निकाल "नो चेंज" आला तर अख्खं सेमिस्टर जातं.