मानसिक आजारासाठी कॅशलेस : सांगली-मिरजेत दाखल होण्याआधी काय तपासावे

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 21(4) नुसार विमा कंपनीला मानसिक आजाराच्या उपचाराला शारीरिक आजारासारखेच संरक्षण द्यावे लागते. त्यामुळे 'आपल्या पॉलिसीत हे बसत नाही' असे एजंट म्हणाला तर ते कुठल्या कलमात लिहिले आहे ते दाखवायला सांगा.

मात्र पॉलिसी मुख्यतः दाखल झाल्यावरच पैसे देते, तेही साधारण 24 तासांच्या वर. मानसोपचारात बहुतेकांना दाखल व्हावेच लागत नाही. तपासणी, गोळ्या, समुपदेशन सगळे ओपीडीत होते. वेगळे ओपीडी कव्हर नसेल तर तो खर्च तुमचाच. तेव्हा सांगली सिव्हिलची मानसोपचार ओपीडी गाठलेली बरी, आणि फोनवर मोफत बोलायचे तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक 14416.

आता नेटवर्क, म्हणजे विमा कंपनीने करार केलेली हॉस्पिटले. कॅशलेस म्हणजे बिल कंपनी हॉस्पिटलला थेट देते. यादीत हॉस्पिटलचे नाव दिसले म्हणजे काम झाले असे नाही. मिरजेत हॉस्पिटलांची रेलचेल आहे, पण नेटवर्कमधल्या प्रत्येक ठिकाणी मानसोपचारतज्ज्ञ असतोच असे नाही. हॉस्पिटलातल्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे काम पाहणाऱ्या खिडकीला, थेट विचारा : मानसोपचाराच्या रुग्णाला इथे कॅशलेस मिळते का? हॉस्पिटलची मानसिक आरोग्य सेवा कायद्याखाली नोंदणी आहे का, तेही विचारून घ्या. नेटवर्कबाहेरच्या हॉस्पिटलमध्येही 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' या सोयीखाली विनंती करता येते, हॉस्पिटल तयार असेल तर. ठरवून दाखल होणार असाल तर 48 तास आधी आणि तातडीचे असेल तर दाखल झाल्यापासून 48 तासांत कंपनीला कळवा. विनंती गेल्यावर कंपनीने तासाभरात निर्णय द्यावा, असा 2024 पासून नियम आहे.

कागदपत्रे : पॉलिसी, हेल्थ कार्ड, रुग्णाचे आधार, पॅन, दाखल करण्याचा सल्ला देणारी मानसोपचारतज्ज्ञांची चिठ्ठी, जुने केसपेपर. पैसे आधी भरून नंतर मागायचे असतील तर डिस्चार्ज कार्ड, मूळ बिले, पावत्या आणि रद्द केलेला चेकही.

क्लेम बहुतेकदा अडकतो तो जुन्या केसपेपरवर. 'पाच वर्षांपासून त्रास' असे तिथे लिहिलेले असते आणि पॉलिसीच्या फॉर्ममध्ये त्याचा उल्लेखच नसतो. लोक काय म्हणतील या भीतीने घरचेच लपवतात. खरे सांगितले तर आधीपासूनच्या आजारासाठी जास्तीत जास्त 36 महिने थांबावे लागते. लपवले तर पॉलिसीच धोक्यात. दारू किंवा इतर व्यसनाचा उपचार मात्र अनेक पॉलिसींत वगळलेला असतो, तेवढे पान नीट वाचा.

क्लेम नाकारला तर कारण लेखी घ्या आणि कंपनीच्या तक्रार कक्षाकडे अर्ज करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, वर्षभरात जाता येते. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.