पार्श्वभूमी : पेटारा, जपमाळ आणि टेबलाखालचं बायबल

ट्रॉय जळत असताना एनियस म्हाताऱ्या बापाला खांद्यावर घेतो आणि घरातल्या देवांच्या मूर्ती बापाच्याच हाती देतो. त्याचे स्वतःचे हात नुकत्याच झालेल्या कत्तलीने माखलेले आहेत. वाहत्या पाण्यात ते धुतल्याशिवाय देवांना शिवायचं नाही. रोमन कवी व्हर्जिलच्या महाकाव्यातला हा प्रसंग दोन हजार वर्षांचा. बायबलमध्ये मोशे इजिप्त सोडताना योसेफाच्या अस्थी बरोबर घेतो, कारण योसेफाने मरण्याआधी तशी शपथ घालून ठेवली होती. देश सोडणाऱ्याच्या सामानात देव आणि मेलेली माणसं फार जुन्या काळापासून शेजारीशेजारी बांधली गेली आहेत.

विसाव्या शतकात अमेरिकेतल्या स्थलांतरितांच्या कादंबरीने हाच धागा पुढे नेला, पण एका मोठ्या फरकाने. इथे धर्मगुरू, प्रार्थनाघर, सणांचं पंचांग, सोबत प्रार्थना म्हणणारी माणसं मागे राहतात. येते ती फक्त वस्तू. विधी नसलेल्या त्या एकट्या वस्तूवर मग सगळा भार पडतो, जुन्या दुःखाचासुद्धा. म्हणून अशी कादंबरी वाचताना 'हे चिन्ह कशाचं प्रतीक आहे' यापेक्षा 'या घरात ते कशासाठी वापरलं जातंय' हा प्रश्न मला जास्त कामाचा वाटतो.

ओ. ई. रोलवॉग १८९६ साली नॉर्वेहून अमेरिकेत आला. त्याची 'जायंट्स इन द अर्थ' आधी नॉर्वेजियनमध्ये १९२४-२५ साली आणि मग इंग्रजीत १९२७ साली प्रसिद्ध झाली. डाकोटाच्या उघड्या माळरानावर मातीच्या घरात राहणाऱ्या बेरेटकडे माहेरचा एक मोठा पेटारा आहे. आईवडिलांना दुखवून, लग्नाआधी दिवस राहून आपण पाप केलं आणि हा माळ ही त्याचीच शिक्षा, असं तिच्या मनाने घेतलंय. बाळंतपणात मरणार अशी खात्री झाल्यावर ती त्या पेटाऱ्यातच पुरायला सांगते. टोळधाड येते तेव्हा मुलांना घेऊन त्याच्यात लपून बसते. पुढे फिरता धर्मगुरू त्या वस्तीत येतो आणि त्याच पेटाऱ्याची वेदी करून प्रभुभोजनाचा विधी करतो. पेटारा तोच. शवपेटी, लपायची जागा, वेदी. बेरेटच्या मनाचा सगळा प्रवास त्या लाकडात आहे, आणि रोलवॉग कुठेही थांबून तो समजावून सांगत नाही. हे मला फार मोठं वाटतं.

१९३०च्या दशकात सूर बदलला. इटालियन स्थलांतरितांच्या घरात वाढलेल्या पिएत्रो दी दोनातोचे वडील १९२३ साली गुड फ्रायडेला बांधकाम कोसळून गेले. तेच मरण १९३९च्या 'ख्राइस्ट इन काँक्रीट'मध्ये आलं. शेवटी मुलगा आईने पुढे केलेला क्रूस हातात चुरडून टाकतो.

हेन्री रॉथची 'कॉल इट स्लीप' (१९३४) १९०७ साली सुरू होते. त्या वर्षी अमेरिकेत साडेबारा लाखांहून अधिक स्थलांतरित उतरले होते. ज्यू घरातला लहानगा डेव्हिड बायबलमधल्या यशया संदेष्ट्याची, त्याच्या ओठांना शुद्धीसाठी लावलेल्या निखाऱ्याची गोष्ट ऐकतो आणि तो निखारा ट्रामच्या रुळांतल्या विजेत शोधत जातो. पण घर हादरतं ते एका जपमाळेने. मित्राकडून मिळालेली ख्रिस्ती जपमाळ बापासमोर त्याच्याजवळून खाली पडते. आईचं मायदेशात एका ख्रिस्ती ऑर्गनवादकावर प्रेम होतं. मुलगा आपला नाहीच, या बापाच्या मनातल्या जुन्या संशयाला त्या मण्यांतून पुरावा मिळतो. पोराने ती माळ हवीशी वाटली म्हणून घेतली होती. आईबापांचा भूतकाळ मुलाच्या हातून असा नकळत उघडा पडतो, आणि मुलाला त्याचा अर्थही कळत नाही.

नाझी छळछावण्यांनंतर ओझ्याचं स्वरूपच वेगळं झालं. सिंथिया ओझिकच्या १९८०च्या 'द शॉल' या कथेतली शाल ज्यू प्रार्थनाशालीची आठवण करून देते, पण छावणीत तिच्यात लपवलेली मुलगी वाचत नाही. पुढच्या कथेत मायामीत राहणारी आई त्याच शालीची आराधना करते. भाची तिला खडसावते, की मूर्तिपूजाच चाललीय तुझी.

कुठल्या देशातून किती स्थलांतरित घ्यायचे हे ठरवणारी १९२४ सालची कोट्याची पद्धत १९६५च्या कायद्याने संपवली आणि आशियातून येणाऱ्यांची संख्या वाढली. कादंबरीतही नवी दैवतं आली. भारती मुखर्जींची जास्मिन (१९८९) बॉम्बस्फोटात गेलेल्या नवऱ्याचा सूट घेऊन फ्लोरिडात उतरते. ज्या कॉलेजात तो शिकणार होता तिथे सूट जाळायचा आणि स्वतःही त्या चितेवर जायचं, असा तिचा बेत असतो. वाटेत मोटेलमध्ये तिच्यावर बलात्कार होतो. ती स्वतःची जीभ चिरते, कालीसारख्या रक्ताळलेल्या तोंडाने त्या माणसाला मारते, आणि सूट तिथल्याच कचऱ्याच्या पिंपात जाळून पुढे निघते. सतीची चिता पेटते, पण ती तिच्यावर चढत नाही.

त्याच वर्षी आलेल्या एमी टॅनच्या 'द जॉय लक क्लब'मध्ये आवाज याहून कितीतरी हळू आहे. चीनहून आलेल्या आन-मेईचा चार वर्षांचा मुलगा समुद्रात बुडतो. तिची श्रद्धा जाते, आणि तिचं पांढरं बायबल स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या आखूड पायाखाली जातं. वीसहून अधिक वर्षं तिथेच असतं. एके दिवशी मुलगी टेबल उचलून ते बाहेर काढते. आत 'मृत्यू' या मथळ्याखाली भावाचं नाव आहे, खोडता येईल अशा पेन्सिलीने लिहिलेलं. आई त्याच्या आजूबाजूने केर काढते, जणू ते तिला दिसतच नाही. पण इतक्या वर्षांनीही त्याचं कव्हर पांढरं स्वच्छ आहे.