यांत्रिक स्पीडोमीटरचे दोषनिदान (जुन्या मोटरसायकली)

यांत्रिक स्पीडोमीटरचे दोषनिदान : केबलवर चालणाऱ्या वेगमापकाचा काटा पडून राहिला, नाचू लागला किंवा चुकीचा वेग दाखवू लागला, तर बिघाड चाकापाशी आहे, केबलमध्ये आहे की मीटरमध्ये, हे शोधण्याची पद्धत. १९८५ च्या सुमारास भारतात आलेल्या हीरो होंडा सीडी १०० आणि यामाहा आरएक्स १००, तसेच १९९४ ची स्प्लेंडर, या गाड्यांत मीटरला फिरवणारी गती पुढच्या चाकाच्या हबमधून (चाकाच्या मधल्या भागातून) घेतलेली असते. इतर काही मोटरसायकलींत ती गिअरबॉक्समधून किंवा मागच्या चाकातून येते.

हबमधल्या गरारीला गॅरेजमध्ये ‘वर्म’ म्हणतात. चाक फिरले की वर्म फिरते आणि तिच्यात अडकलेली केबलची आतली पिळाची तार मीटरपर्यंत फिरत जाते. मीटरमध्ये या तारेच्या टोकावर एक चुंबक फिरतो. त्याच्याभोवती, त्याला न शिवता, ॲल्युमिनियमची पातळ वाटी बसवलेली असते. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण फिरत्या चुंबकामुळे त्यात भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह उठतात आणि वाटी चुंबकामागे ओढली जाते. केसाएवढी बारीक स्प्रिंग तिला मागे खेचते. ओढ आणि स्प्रिंग जिथे समतोल होतात तिथे वाटीला जोडलेला काटा थांबतो. या रचनेचे पेटंट ऑटो शुल्झे या जर्मन अभियंत्याने १९०२ मध्ये घेतले. किलोमीटरचे आकडे मात्र चुंबकावर चालत नाहीत. त्यांना चुंबक फिरवणाऱ्या दांडीवरूनच दातेरी चाकांनी थेट गती मिळते.

निदानाची सगळी किल्ली या फरकात आहे. काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील, तर मीटरपर्यंत गती पोचतच नाही असे धरावे आणि मीटरला हात लावू नये. आकडे पळतात पण काटा हलत नाही, तर केबल व वर्म ठीक आहेत, दोष वाटी, स्प्रिंग किंवा काट्याच्या टोकाशी आहे. काटा चालतो पण आकडे थांबले, तर आतले एखादे छोटे दातेरी चाक झिजले किंवा तडकले आहे. एवढे न पाहता नवे मीटर बसवले जाते आणि तेही बंदच राहते, हा खर्च टाळता येण्यासारखा आहे.

दोन्ही बंद असताना गाडी मधल्या स्टँडवर घेऊन पुढचे चाक उचलावे, मीटरखालचा नट सोडवून केबल मोकळी करावी आणि चाक हाताने पुढे फिरवावे. आतली तार फिरत असेल आणि हलकेच चिमटीत धरली तरी सुटू पाहत असेल, तर खालची बाजू शाबूत आहे. फिरत नसेल, तर केबलचे खालचे टोकही काढावे. तार मधेच तुटलेली असते, किंवा तिचे चौकोनी टोक घासून गोल झालेले असते. तार धड असेल, तर चाक फिरवताना वर्मची खाच फिरते का, हे टॉर्चने पाहावे. ती थांबलेली असेल, तर एक प्रश्न नक्की विचारावा : पंक्चर शेवटचे कधी काढले? वर्मच्या कड्याचे दोन कान (बाहेर आलेले तुकडे) हबच्या खाचांत बसावे लागतात. चाक परत बसवताना ते खाचांत न बसता ॲक्सलचा नट आवळला, तर कान चेपतात किंवा मोडतात, आणि मीटर त्याच दिवशी बंद पडते. नट आवळण्याआधी चाक फिरवून केबल फिरते की नाही हे पाहणे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. कोकणातल्या पावसात हबमध्ये पाणी जाऊन ग्रीस धुतले जाते आणि वर्म गंजते, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा ती साफ करून नवे ग्रीस भरावे.

काटा नाचतो तेव्हा बहुतेक वेळा केबल कोरडी असते किंवा कुठेतरी मुरडलेली असते. तार घर्षणाने अडकते, तिला पीळ बसतो आणि मग ती एकदम सुटते. तोच झटका काट्यात दिसतो, सोबत किरकिर आवाजही येतो. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून केबल कुठे ताणते का, फोर्कवरच्या क्लिपमधून नीट गेली आहे का, हे आधी बघावे. मग तार बाहेर काढून पुसावी आणि पातळ ग्रीस लावावे, पण वरचा साधारण १५ सेंटीमीटर भाग कोरडा ठेवावा. तारेचा पीळ फिरताना स्क्रूसारखा काम करतो आणि जास्तीचे ग्रीस वर मीटरमध्ये ढकलतो. ते वाटी आणि चुंबकाच्या फटीत गेले की वाटी चिकटल्यासारखी ओढली जाते, काटा शेवटच्या आकड्याला जाऊन टेकतो आणि स्प्रिंग कायमची बिघडू शकते. अशा वेळी केबल लगेच मोकळी करावी.

वेग चुकीचा दिसत असेल, तर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी आकडे ताडून पाहावेत. आकडे आणि काटा दोन्ही सारख्याच प्रमाणात चुकत असतील, तर टायर वेगळ्या मापाचा आहे, किंवा वर्म अथवा मीटर दुसऱ्या मॉडेलचे आहे. आकडे बरोबर आणि काटा चूक, तर चुंबक अशक्त झाला आहे किंवा स्प्रिंग बिघडली आहे. मीटर दिसायला सारखे म्हणून एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ब्रिटिश स्मिथ्स कंपनीच्या जुन्या मीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरात ‘१६००’ लिहिलेले आढळते, म्हणजे एका मैलाला केबलचे १६०० फेरे. गाडीकडून तेवढे फेरे येत नसतील, तर ते मीटर कधीच खरे सांगणार नाही.

मीटर उघडणे हे घड्याळजीच्या हाताचे काम आहे. काटा ओढून काढला तर तो परत नेमका कुठे बसवायचा याची खूण आधी केलेली असावी, आणि स्प्रिंगला चिमटा लागू देऊ नये. मीटर बदलावेच लागले, तर जुन्यावरचे आकडे आणि तारीख सर्व्हिस पुस्तिकेत लिहून ठेवावी : इंजिन ऑइल आणि चेन बदलण्याचा हिशेब त्या आकड्यांवरच चालतो, आणि गाडी विकताना घेणाऱ्याला ती किती चालली आहे हेही खरे कळते.