जंत गोडाने होत नाहीत, आणि ते आतड्यातच राहतील असंही नाही

‘गूळ खाऊ नकोस, जंत होतील,’ हे घरोघरी आजही ऐकू येतं. ते खरं नाही. गोल जंताची अंडी विष्ठेतून मातीत पडतात, तिथे दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि न धुतलेल्या हातांतून, भाजीतून, पाण्यातून तोंडात जातात. मुलाच्या हातातला गुळाचा खडा आपण काढून घेतो आणि मातीने भरलेली नखं तशीच सोडतो, याचं फार वाईट वाटतं.

जंत म्हणजे फार तर पोटदुखी, हा समज याहून घातक. पूर्ण वाढलेला जंत १५ ते ३५ सेंटिमीटर लांब असतो आणि अरुंद छिद्र सापडलं की आत घुसतो. लहान आतड्यातून तो पित्तनलिकेत, म्हणजे यकृतातलं पित्त आतड्यात आणणाऱ्या नळीत, शिरला की पित्त तुंबतं. उजव्या बरगडीखाली असह्य कळ, उलट्या, कधी थंडी वाजून ताप, कावीळ. काश्मीरमधले डॉ. मोहम्मद सुलतान खुरू आणि सहकाऱ्यांनी १९९० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा ५०० रुग्णांची नोंद मांडली. सोनोग्राफीत नलिकेत दोरीसारखी लांब रेघ दिसते. कधी ती हलतेही.

बरेचदा जंत आपणहून आतड्यात परततो. अडकला, तर एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, काढावा लागतो. अल्बेंडाझोल हे जंताचं औषध आतड्यातल्या जंतांवर चालतं, पित्तात पुरेसं पोचत नाही. म्हणून ताप आणि कावीळ असताना झाडपाला किंवा नुसती जंताची गोळी घेऊन घरी थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.